सायकलच्या ट्यूबमधलं सीलंट आणि टायरमधली पट्टी: पावसाळा ते उन्हाळा वापरून झालेलं मत

सायकल 26 × 1.95 टायरची, व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा. दोन्ही ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, आणि मागच्या टायर-ट्यूबच्या मध्ये काटा अडवणारी पॉलियुरेथेनची पट्टी. बीड-गेवराई भागातल्या डांबरी आणि मुरमाच्या रस्त्यांवर पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून मत असं झालंय: सीलंट भराच, पट्टी मागे पुरे, आणि टायर तपासायचं काम दोन्ही असूनही सुटत नाही.

आपल्याकडे मुख्य त्रास तिघांचा. पाऊस उघडला की कडेच्या मुरमावर सराटे वाळतात. फळाच्या पाच फाका होतात, प्रत्येकीला दोन मोठे काटे, त्यामुळे फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. पण तो आखूड असतो, पट्टीच्या पुढे जात नाही. वेड्या बाभळीचं तसं नाही. कुंपणाला काट्या ओढत नेल्या की तुटलेले काटे डांबरावर पडून राहतात. हा काटा लांब आणि टणक, पट्टीतूनही आरपार जातो, नाहीतर टायरच्या बाजूने शिरतो, जिथे पट्टी नसतेच. तिथे कामाला येतं ते सीलंट. तिसरी तार. धुळे-सोलापूर महामार्गाच्या साइडपट्टीवर ट्रकचे रेडियल टायर फुटून पडतात, त्यांतली केसासारखी पोलादी तार रबरात घुसते आणि रोज थोडी थोडी आत सरकते. दोन दिवसांनी हवा उतरते तेव्हा कारण सापडत नाही.

सीलंट ग्लायकॉलचं घ्या. लेटेक्सचं उन्हाळ्यात लवकर वाळतं आणि ट्यूबमध्ये गोळे होतात. या मापाच्या ट्यूबला 120 मिली पुरतं. हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्ह बाजूला येईल असं चाक फिरवा, व्हॉल्व्हच्या आतली पिन काढा, बाटलीची नळी घट्ट बसवून दाबा. पिन पुसून लावा, हवा भरा आणि चाक लगेच मिनिटभर गरागरा फिरवा. नंतर कधी हवा तपासायची तर व्हॉल्व्ह वर ठेवून पाच मिनिटं थांबा, नाहीतर सीलंट पिनेत अडकतं आणि पिन गळायला लागते.

काटा उपटल्यावर भोक खाली येईल असं चाक थांबवा. फस्स आवाज बंद झाला की हवा भरून थोडं चालवा. साधारण 3 मिमीपर्यंतचं भोक बुजतं. काचेची चीर, व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेलं रबर किंवा खड्ड्यात रिमवर दबून पडलेल्या जोड-चिरा बुजत नाहीत. तिथे पॅचच लागतो, आणि ओलसर ट्यूबवर तो टिकत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच पॅच दाबा.

पट्टीचा दोष तिच्या टोकांत. टोकाची कड ट्यूबवर घासून घासून तिलाच भोक पाडते, आणि दोष काट्यावर जातो. टोकं पॉलिश पेपरने पातळ करा, कापडी चिकटपट्टी गुंडाळा, ट्यूबला टाल्कम पावडर चोळा. पुढच्या चाकात पट्टी नको. चाक जड होतं आणि पंक्चर बहुतेक मागेच होतात, कारण वजन तिथे जास्त असतं आणि पुढचं चाक आडवा पडलेला काटा उभा करून देतं.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवू नका. 25 अंशांना 50 पीएसआय भरलं तर 45 अंशांना ते 54 च्या आसपास जातं, एवढंच. 70 ते 75 किलोच्या माणसाला पुढे 40, मागे 45 ते 50 ठेवा. पावसात मात्र जास्त जपा, पाण्याने रबरात काच सहज शिरते.

दर रविवारी चाक हळू फिरवत टायरची प्रत्येक चीर बघा आणि चकाकणारी तार चिमट्याने काढा. टायर उघडलाच तर आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकतो तिथे काट्याचं मोडलेलं टोक असतं. ते बोटाला लागत नाही, पण नवी ट्यूब दहा किलोमीटरवर पंक्चर करतं.