नाताळची कार्डं, केकचे पट्टे आणि हातकागद

हातकागद दुकानात उभ्या उभ्या पसंत पडतो आणि घरी आणल्यावर रुसतो. पेन फुटतं, प्रिंटर अडतो, फेविकॉल लावलं की कार्डाचा पापड होतो. दोष बहुतेक वेळा कागदाचा नसतो. गुळगुळीत कार्डशीटवर करायचं काम त्याच्यावर लादलेलं असतं. नाताळची शुभेच्छापत्रं आणि घरच्या केकभोवतीचे पट्टे या दोन कामांपुरता हा कागद कसा आहे, एवढंच इथे बघू.

खरा हातकागद लाकडाच्या लगद्याचा नसतो. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतल्या सुती कतरणी बारीक करून, बीटरमध्ये कुटून त्याचा लगदा करतात. तो जाळीच्या साच्यावर उचलतात, कापडावर पालथा घालतात, दाबतात आणि वाळवतात. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ही कला जुनी आहे, आणि बाजारातला बराचसा माल जयपूरजवळच्या सांगानेरहून येतो. कापसाचा तंतू लांब असतो. या कागदाचे गुण आणि खोड्या दोन्ही त्यातूनच आल्या आहेत.

घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली वाकवण्याची. कागद आधी उभा, मग आडवा हलका वाकवून बघा. साच्यावर उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, म्हणून दोन्हीकडे जोर सारखाच लागतो. एका दिशेने सहज आणि दुसरीकडे ताठ वाकला तर तो यंत्राच्या रुळावर निघालेला आहे. वाईट नाही, पण त्याची घडी एकाच दिशेने साफ बसेल. दुसरी तपासणी पाण्याची. कोपऱ्यावर एक थेंब ठेवा. अर्धा मिनिट तो मण्यासारखा उभा राहिला तर कागदाला खळ, म्हणजे पाणी-शाई मुरू न देणारा लेप, नीट लागली आहे. लगेच मुरला तर शाईही अशीच मुरणार. दुकानदार थेंब ठेवू देत नसेल तर आधी एकच ताव घ्यावा.

साधारण ताव २२ बाय ३० इंचाचा, म्हणजे ५६ बाय ७६ सेंटिमीटर. कार्डासाठी २५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्यावा. सवयीने ए-५ चे तुकडे कापले तर एका तावात जेमतेम १० बसतात आणि कडेच्या पट्ट्या वाया जातात. त्याऐवजी १४ बाय १९ सेंटिमीटरचे तुकडे धरले तर बरोबर १६ निघतात, वाया काहीच नाही. मधोमध दुमडल्यावर ९.५ बाय १४ चं कार्ड होतं आणि नेहमीच्या सी-६ पाकिटात सैलसर बसतं. ताव दोन-चार मिलिमीटर कमी-जास्त असतो. म्हणून आधी पूर्ण ताव मोजून चार भाग करावेत, पट्टीने थेट १४-१४ च्या खुणा करत जाऊ नये. शेवटचा तुकडा अरुंद पडतो.

कात्री मात्र लावू नका. या कागदाची अर्धी शोभा त्याच्या झिरझिरीत कडेत आहे. पण नैसर्गिक कड तावाच्या चार बाजूंनाच असते. सोळा तुकड्यांपैकी कोपऱ्यांतल्या चारांना दोन कडा मिळतात, आठांना एक आणि मधल्या चारांना एकही नाही. त्यामुळे कापलेली कार्डं एका घरची वाटत नाहीत. उपाय सोपा आहे. रेषेवर घडी घालून नखाने दाबा, उलटी दुमडून पुन्हा दाबा, घडीवरून ओला ब्रश दोनदा फिरवा, मिनिटभर थांबा, आणि स्टीलच्या पट्टीला टेकवून बाजूला ओढा. वर ओढलं तर मध्येच फाटतं. घाईत कोरडंच ओढलं तर कडेला पापुद्रे सुटतात.

घडीसाठी आधी रेघ दाबून घ्यायला लागते. शाई संपलेलं बॉलपेन किंवा विणायच्या सुईचं बोथट टोक पुरतं. घडी घोटताना वर साधा कागद ठेवा, नाहीतर तिथे चकचकीत पट्टा उमटतो आणि तो जात नाही.

आता लिखाण. देवनागरीची खरी कसोटी शिरोरेषेवर होते. फाउंटन पेनने एका ओढीत काढलेली रेषा खळ कमी असलेल्या कागदावर सुरवंटासारखी केसाळ होते. कार्डावर बायबलमधलं लूक २:१४ हे वचन घेतलं तर पहिलाच शब्द ‘ऊर्ध्वलोकी’. त्यात रफार आहे, जोडाक्षर आहे, दीर्घ वेलांटी आहे. अक्षर ६-७ मिलिमीटरपेक्षा लहान काढलं की ‘ध्व’मधली पोकळी भरून जाते. ०.५ मिलिमीटर टोकाचं पिगमेंट शाईचं पेन सगळ्यांत भरवशाचं. ०.१ च्या टोकात कापसाचा तंतू अडकतो आणि पेन मरतं. बोरूने किंवा कटनिबने लिहायचं असेल तर आधी खळ द्यावी: १०० मिलिलिटर थंड पाण्यात एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअर, सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत उकळायचं, गाळायचं, कोमट असताना रुंद ब्रशने एक पातळ हात मारायचा. सावलीत वाळवून वजनाखाली रात्रभर ठेवायचं. जास्त दिलं तर घडीवर तडा जातो. शिवाय खळीला झुरळं आणि कसर येते, म्हणून गेल्या वर्षीची उरलेली कार्डं उघडी ठेवू नयेत.

फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद सगळ्यांना आवडतो. मराठीसाठी तो फसवा आहे. शिरोरेषेच्या वर नेमका एक ठिपका आला की अनुस्वार होतो, आणि ‘देव’चा ‘देंव’ होऊन बसतो. असा कागद बाहेरच्या पानाला ठेवावा, मजकूर आतल्या साध्या पानावर लिहावा. जलरंग लागला की पाकळ्यांतून तपकिरी डागही उतरतो.

सगळ्यांत सुंदर निकाल शाईविना मिळतो. बिस्किटं कापायचा ताऱ्याचा साचा जाड पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढा आणि आतला तारा कापून टाका. ही झाली चौकट. कार्ड तिच्यावर पालथं ठेवा, मागून किंचित दमट करा आणि चमच्याच्या पाठीने कडेकडेने घोटा. लांब तंतू न फाटता ताणले जातात, म्हणून पांढऱ्यावर पांढरा तारा उठून दिसतो आणि वाळल्यावर तसाच राहतो. गिरणीच्या कार्डशीटवर हाच प्रकार केला तर टोकांशी चिरतो. शब्बाथ शाळेतल्या (चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या) मुलांनाही हे जमतं, फक्त पाणी मोठ्या माणसाने लावावं.

चिकटवायला ग्लू स्टिक किंवा दुहेरी टेप. पातळ केलेलं फेविकॉल लावलं की कागद पाणी पितो आणि लाटा येतात. लावायचंच असेल तर घट्ट, अगदी पातळ थर, आणि रात्रभर वजन. घरातलं सगळ्यांत जाड पुस्तक पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल असतं, पण गोंद कडेने बाहेर आला तर काय चिकटेल याचा विचार करून पाटा किंवा डाळीचा डबा घ्यावा.

प्रिंटरचं सरळ सांगतो: नको. इंकजेटच्या रुळांना तंतू चिकटतात आणि जाड ताव वळणावर अडतो. बाप्तिस्म्याची किंवा प्रथम ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) शंभर-दोनशे निमंत्रणं हवी असतील तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जावं. त्या शाईचा थर खडबडीतपणा झाकतो.

केकच्या बाबतीत हा कागद फक्त बाहेरचा. कतरणींना कसले रंग होते, हे सांगता येत नाही, आणि अन्नाला लावण्यासाठी तो बनवलेलाही नसतो. आत बटर पेपर हवाच. ८ बाय ४ इंचाच्या टिनमधल्या केकचा आखूड बाजूने, म्हणजे रुंदी आणि उंचीभोवती, घेर साधारण ३४ सेंटिमीटर येतो. तीन सेंटिमीटर एकावर एक धरले तर ३७ लागतात. ३८ बाय ८ चे पट्टे धरले की एका तावात १४ निघतात. इथे १२० जीएसएमच घ्या. २५० चा कागद केकच्या कोपऱ्यावर गोल फुगून राहतो. फ्रूट केक पूर्ण गार व्हायला रात्र जाऊ द्यावी. हाताला गार लागतो तेव्हाही आतली वाफ शिल्लक असते, आणि पट्टा सकाळी सैल, सुरकुतलेला मिळतो. रम पाजलेला केक असेल तर पट्टा द्यायच्या दिवशीच लावावा.

कुलकुल आणि करंज्यांचा त्रास वेगळा. तळून निथळल्या तरी त्या दुसऱ्या दिवसापर्यंत तेल सोडतात, आणि हातकागदावर तेलाचा डाग पडला की तो पारदर्शक ठिपका कायमचा. एक दिवस टिश्यूवर पसरून ठेवाव्यात, मग बटर पेपर लावलेल्या डब्यात भराव्यात. हातकागदाची फक्त चिठ्ठी दोऱ्याने बांधावी.

टपालाचं वजन आधी बघून घ्या. वर सांगितलेलं कार्ड पावणेसात ग्रॅमच्या आसपास, सी-६ पाकीट साधारण साडेचार. साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या टप्प्यात सजावटीला आठ-नऊ ग्रॅम उरतात. ३०० जीएसएमचं ए-४ दुमडून केलेलं मोठं कार्ड एकटंच पावणेएकोणीस ग्रॅम भरतं, पाकिटासकट टप्पा ओलांडतं. बटणं, घंटा, मणी लावू नका. शिक्का मारताना तेच फुटतात. पाकीटही हातकागदाचं करायचा मोह होतो, पण त्याच्या मऊ कडा टपालात उसवतात. १०० जीएसएमचं साधं पाकीट घ्या.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. खळ, वाळवण, लिखाण आणि टपाल धरलं तर कागद त्याआधी घरात हवा. पावसाळ्यात घेतला असेल, विशेषतः वसई-मुंबईच्या दमट हवेत, तर ताव उजेडासमोर धरून बुरशीचे फिके ठिपके बघून घ्या. लाल आणि हिरव्या कागदावर ओलं बोट घासून बघा. बोटाला रंग आला तर तो कागद पांढऱ्या कार्डाला चिकटवू नका. नुसताच, कोरडाच, सोनेरी पेनने लिहून वापरा.