हॉट स्टेपलर किट: हेडलाइटचे तुटलेले कान जोडायला एकदम कामाची वस्तू
बाईकवाला घासून गेला आणि हेडलाइटचे वरचे दोन कान (स्क्रूने लाइट बसवायचे प्लास्टिकचे तुकडे) तुटले, काच शाबूत, बल्ब चालू, तरी गॅरेजवाला म्हणतो अख्खी असेंब्ली बदला. मग ऑनलाइन हे किट मागवलं, पैसे वसूल झाले खरंच. नागमोडी तारेची पिन मशीनला लावायची, बटण दाबलं की काही सेकंदात तापते, मग तड्यावर आडवी टेकवून हळूच प्लास्टिकमध्ये बुडवायची, बटण सोडायचं आणि थंड झाल्यावरच मशीन ओढायचं नाहीतर पिनपण बाहेर येते. ती नागमोडी तार आत अशी रुतते की कान हाताने हलत नाही. पार्टच्या मागे पीपी (पॉलिप्रोपिलीन, एक प्रकारचं प्लास्टिक) कोरलेलं असेल तर सुपरग्लूच्या नादी लागूच नका, पीपीला ते धरत नाही, एबीएस (दुसऱ्या प्रकारचं प्लास्टिक) असेल तर बऱ्यापैकी धरतं. किटमधला कटर मात्र फालतू आहे, पिनांची टोकं कापायला चांगला वेगळा घ्या. धूर लय वाईट येतो, खिडक्या उघडून बसा. आणि स्क्रूचं भोक नीट जुळवूनच पहिली पिन मारा, कान वाकडा बसला की लाइटचा फोकसपण वाकडा जातो.