बाबांच्या नावाने द्यायचं, पण कुठे? नागपुरातल्या काही सेवाभावी संस्थांचा तुलनात्मक आढावा

पितृपक्ष जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. बाबांच्या नावाने दहा-वीस हजार द्यायचे आहेत, कुठे देऊ? कुणाला निवृत्तीनंतर सकाळचे दोन तास मोकळे असतात आणि ते सत्कारणी लागावेत असं वाटतं. नागपुरात हिंदू धर्मप्रेरणेतून उभ्या राहिलेल्या सेवासंस्था कमी नाहीत, त्यामुळे हा प्रश्न ऐकायला सोपा, उत्तर द्यायला अवघड. प्रत्येक संस्थेची गरज वेगळी आणि देणाऱ्याची ऐपतही वेगळी. कुणाकडे पैसा असतो, कुणाकडे वेळ, कुणाकडे फक्त इच्छा. एवढा मेळ बसला की अर्धं काम होतं, म्हणून तो कसा बसवायचा ते इथे लिहितो.

सुरुवात मेडिकलपासून, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून करतो, कारण माझ्या मते शहरातली सगळ्यात उघडी गरज तिथे आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, शिवाय बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, इतक्या लांबून माणसं शासकीय रुग्णालयात येतात. उपचारांचं ओझं सरकार बरंचसं उचलतं. पण वॉर्डात रुग्णाजवळ एकाच नातेवाइकाला थांबता येतं. सोबत आलेली म्हातारी आई, धाकटा भाऊ, कडेवरचं पोर यांनी कुठे जायचं? संध्याकाळी आवारात फेरी मारली तर झाडाखाली अंथरलेली चटई दिसते, तिच्यावर एक्स-रेचं मोठं पाकीट उशाखाली घेतलेलं, शेजारी स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली. मजुरी बुडालेली असते. आणलेले पैसे बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांत आणि रोजच्या जेवणात संपत आलेले असतात.

गाडगे महाराजांनी हे ओळखलं होतं. तीर्थक्षेत्री तर त्यांनी धर्मशाळा बांधल्याच, पण मोठ्या दवाखान्याच्या दारी येणारा माणूसही यात्रेकरूइतकाच निराधार असतो हे जाणून त्यांच्या परंपरेने रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभ्या केल्या. मेडिकलजवळची त्यांच्या नावाची धर्मशाळा त्याच वाटेवरची. महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी आधी येतं, आणि पुढे बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार. देवळाला देणगी असं कलम त्यात नाही. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अशा ठिकाणी द्यायचं तर काय द्यावं? पैसा, आणि तोही नियमित. धर्मशाळेचा खर्च रोजचा असतो. चादरी धुणं, पाणी, वीज, स्वच्छता, एखाद्या कर्मचाऱ्याचा पगार. पंखा दिला की त्यावर नाव घालता येतं, विजेच्या बिलावर घालता येत नाही, म्हणून पंख्याला दाते मिळतात आणि बिलाला मिळत नाहीत. एकदाच दहा हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा वर्षभर दरमहा आठशे रुपये दिले तर अशा संस्थेला त्याचा जास्त उपयोग होतो. धान्य, ब्लँकेट देणार असाल तर आधी विचारून द्या. डिसेंबरात ब्लँकेटचे ढीग साचतात आणि जुलैत डाळ-तांदळाचं कुणी नाव घेत नाही.

धंतोलीचा रामकृष्ण मठ वेगळ्या घडणीचा. कोलकात्याजवळच्या बेलूर मठाची, म्हणजे मुख्यालयाची, ही शाखा १९२८ची. नागपूरकरांना तिथली संध्याकाळची आरती आणि पुस्तकांचं दालन माहीत असतं. मराठीतलं रामकृष्ण-विवेकानंद साहित्य मुख्यतः इथूनच निघतं, ‘जीवन विकास’ हे मासिकही इथलंच. पण मठाचा धर्मादाय दवाखाना, वाचनालय आणि गावाकडून शिकायला आलेल्या मुलांचं विद्यार्थी भवन यांच्याकडे आरतीला येणाऱ्यांपैकीही अनेकांचं लक्ष जात नाही.

मठाची जमेची बाजू शिस्त. संन्याशांच्या हाती कारभार, हिशेब चोख, पावती लगेच, आणि दिलेला पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागेल याची खात्री. १८९७ मध्ये विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन स्थापलं. त्याच वर्षी त्यांचे गुरुबंधू अखंडानंद मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांसाठी राबू लागले. मदतकार्याची ही परंपरा तेव्हापासूनची. ज्याला वेळ द्यायचा आहे, त्याला मी आधी मठाचं नाव सांगतो. अट मात्र एक, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जायचं. ‘जमेल तसं येईन’ म्हणणाऱ्या माणसाचा दवाखान्याला उपयोग नसतो, उलट त्याच्यासाठी माणूस अडकून पडतो. निवृत्त डॉक्टर, औषधं ओळखणारी परिचारिका, गणित-इंग्रजी शिकवू शकणारे शिक्षक यांना अशा ठिकाणी खरी जागा असते. काँग्रेस नगरचं मेट्रो स्टेशन जवळच आहे, तेव्हा ज्येष्ठांनाही जाणं-येणं अवघड नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं. मठाला भक्तांचा आधार आहे, देशभर पसरलेल्या संस्थेचं पाठबळ आहे. तुमच्याकडे देण्यासारखी रक्कम लहान असेल आणि ती जिथे जास्त जाणवेल तिथे जावी असं वाटत असेल, तर धर्मशाळा आधी.

आता दवाखाने. नागपुरात संघप्रेरित, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारातून उभ्या राहिलेल्या, आरोग्यसंस्था मोठ्या आहेत. वर्धा रोडला खापरीचं स्वामी विवेकानंद मेडिकल मिशन, हिंगणा रोडचं माधव नेत्रालय, आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. जामठ्याचं रुग्णालय डॉ. आबाजी थत्ते सेवा और अनुसंधान संस्थेचं, ४७० खाटांचं, २०२३ मध्ये उद्घाटन झालेलं. माधव नेत्रालय दुसरे सरसंघचालक माधव सदाशिव गोळवलकर यांच्या नावाचं. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. हेच गोळवलकर तरुणपणी धंतोलीच्या याच मठात जात आणि पुढे बंगालमधल्या सारगाछीला अखंडानंदांकडून त्यांनी दीक्षा घेतली. मठ आणि संघ, शहरातल्या या दोन सेवाधारांचं मूळ असं एका ठिकाणी भेटतं.

संघाचं नाव आलं की काही वाचक थबकतील, काहींना तेवढंच पुरेसं वाटेल. माझं म्हणणं दोघांनाही एकच. दवाखान्याच्या दारात जाऊन बसा, कोण येतं, कुणाला किती बिल लागतं ते बघा, मग ठरवा. विचार पटत नसतील तर दुसरीकडे द्या, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. दान मन मारून देऊ नये.

या तीन रुग्णालयांत निवड करायची तर रकमेचा आकार बघावा. जामठ्यासारख्या ठिकाणी एकेक यंत्र कोट्यवधींचं असतं. तिथे दहा हजारांचं दान ‘सर्वसाधारण निधी’त देऊ नका, गरीब रुग्णांच्या मदतीसाठी म्हणून लेखी कळवून द्या. खापरीचं रुग्णालय शहराच्या कडेला, आसपासच्या गावांना जवळ पडणारं. मध्यम रकमेचं दान आणि आठवड्यातून एक दिवस देऊ शकणारा डॉक्टर, दोन्हींसाठी मला ते जास्त सोयीचं वाटतं.

एक गोष्ट दात्यांना सहसा ठाऊक नसते. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. म्हणजे गरिबाला तिथे मिळते ती सवलत त्याचा हक्क आहे. तुमची देणगी या हक्काच्या वर काही देणारी असावी, उदाहरणार्थ डिस्चार्जनंतरची महिनाभराची औषधं, गावी परत जायचं भाडं. रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून विचारा. हा माणूस अशा गरजांची यादी तोंडपाठ सांगतो. आणि ज्यांच्याकडे पैसा अजिबात नाही, त्यांनी ही माहिती घरी काम करणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या चौकीदाराला सांगितली तरी एखाद्या घरावरचं कर्ज टळू शकतं.

नेत्रालयाचं नाव वर आलंच आहे, तर नेत्रदानाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते खिशाला तोशीस न लावता होतं. फॉर्म भरून ठेवणं चांगलंच, पण माणूस गेल्यावर निर्णय घरच्यांचा असतो. फॉर्म कपाटात आणि घरातल्यांना पत्ताच नाही, अशाने तो वाया जातो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक पोचायला हवं. तोवर पापण्या मिटून घ्यायच्या, त्यावर ओल्या कापसाच्या किंवा रुमालाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, साखर होती, तरी बुबुळ घेता येतं. नेत्रपेढीचा नंबर घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये हवा.

मुलामुलींच्या वसतिगृहांचा विचार करणाऱ्यांसाठी धंतोलीतच देवी अहल्या मंदिर हे वसतिगृह आहे, राष्ट्र सेविका समिती या संघविचाराच्या महिला संघटनेचं. समिती १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्यात सुरू केली. ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या मुली इथे राहतात. आदिवासींसाठी काम करणारा वनवासी कल्याण आश्रम १९५२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या जशपूरला सुरू झाला, पण त्याचं विदर्भातलं कामही मोठं आहे. वसतिगृहाला एका मुलीचा वर्षाचा खर्च उचलणं ही सगळ्यात नेमकी देणगी. तेवढं जमत नसेल तर दहावी-बारावीच्या मुलींना आठवड्यातून दोनदा शिकवा. या मुली घरापासून हजारो किलोमीटर लांब असतात, शिकवणारी काकू त्यांना नुसती शिक्षिका उरत नाही.

धर्माचं नाव न घेता चालणारी, पण याच शहराच्या सेवाभावातून उगवलेली मातृ सेवा संघ ही संस्था या यादीत हवीच. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये ती सुरू केली. बाळंतपणात बाया मरत होत्या आणि शिकलेली सुईण मिळत नव्हती, अशा काळात तरुण विधवा असलेल्या कमलाताईंनी परिचारिकेचं शिक्षण घेऊन हे काम अंगावर घेतलं. संस्थेचा पंचवटी वृद्धाश्रमही आहे. आईच्या नावाने काही करायचं असेल तर हे नाव मनात ठेवा.

मंदिरांचं काय? रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा निघते तेव्हा रस्त्यावर पावलापावलाला सरबत आणि प्रसाद असतो. हनुमान जयंतीला गल्लोगल्ली भंडारा. त्या आनंदाला माझा मुळीच विरोध नाही, त्या दिवशी सगळा मोहल्ला एका पंगतीला बसतो आणि हीही सेवाच. पण बाबांच्या नावाची सगळी रक्कम भंडाऱ्यात घालू नये असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी शहरात जेवण मुबलक असतं. मंदिरालाच द्यायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यातल्या प्याऊला, म्हणजे पाणपोईला द्या. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा रिक्षावाल्याला, मजुराला माठातलं गार पाणी लागतं, आणि त्या प्याऊला रोज सकाळ-दुपार पाणी भरणारा माणूस लागतो. त्याची दोन महिन्यांची मजुरी तुम्ही उचललीत तर माठ कोरडा राहणार नाही.

पैसे देण्यापूर्वी एवढं बघा. सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला हवा. लेखापरीक्षित हिशेब मागितला तर चांगली संस्था खुशीने दाखवते. जी टाळाटाळ करते, तिच्याकडे कितीही मोठ्या महाराजांचा फोटो असला तरी पुढे जाऊ नका. देणगीवरची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनाच मिळते, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही, आणि धान्य-कपड्यांवर तर नाहीच. म्हणून चेक किंवा ऑनलाइन, आणि सोबत एक ओळीचं पत्र, रक्कम कशासाठी आहे ते लिहून.

माझा सल्ला विचाराल तर असा. वर्षाला दहा-पंधरा हजार देणाऱ्याने ते मेडिकलच्या दारातल्या सेवेला दरमहा द्यावेत. लाखभर असतील तर एका वसतिगृहातली एक मुलगी शिकेपर्यंत तिचा भार घ्यावा, दर वर्षी संस्था बदलू नये. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक असाल तर पैसा राहू द्या, मठात किंवा खापरीला जाऊन वार ठरवून या. आणि निर्णय घेण्याआधी ज्या दोन जागा मनात असतील तिथे सणावाराला जाऊ नका. मंगळवारी दुपारी, काही न कळवता जा, आणि तासभर बाकावर बसा.