पातीवर पांढरी रेघ: माशी कुठली, की माशीच नाही?

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू कांद्याची एक पात घेऊन थेट आमच्या गच्चीवर आल्या. "बघ की रं, व्हिडिओत दावत्यात तीच कांदा पोखरणारी परदेशी माशी हाय. औषध मारू का उपटून टाकू?" पातीवर पांढऱ्या रेघा होत्या खऱ्या. मी त्यावर नख फिरवलं. रेघ वरवरची निघाली, खाली पोकळी नव्हती. पात कोऱ्या कागदावर झटकली तर मिलिमीटरभर लांबीचे पिवळट किडे पळायला लागले. फुलकिडे! माशीचा संबंधच नाही.

कोल्हापुरात कुंडीत किंवा परसात कांदा लावणाऱ्याने शंका इथूनच सुरू करावी. फुलकिडे पान खरवडून रस शोषतात. त्याने चंदेरी ओरखडे उठतात, वर विष्ठेचे काळे ठिपके पडतात आणि किडे पातींच्या बेचक्यात दडून बसतात. माशीची अळी पानाच्या आत राहते. तिच्या रेघेवर नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि खाली बोगदा दिसतो. पात उभी चिरून उजेडाला धरा. बिनपायाची, बिनडोक्याची पिवळट अळी कधी कधी हलताना सापडते. डोकं आणि पाय दिसले तर ती पतंगाची अळी, माशीची नव्हे.

बोगदा निघालाच, तर पुढचा प्रश्न दोन माश्यांमधला.

पहिली आपल्या ओळखीची नागअळी, म्हणजे लिरिओमायझा. माशी जेमतेम २ मिलिमीटरची, काळी-पिवळी, पाठीवर पिवळा ठिपका. यातली ट्रायफोली ही जात मूळची अमेरिकेकडची, भारतात १९९०च्या सुमारास आली. तिला टोमॅटो, घेवडा, झेंडू काहीही चालतं. म्हणून आधी शेजारच्या कुंड्या बघा. टोमॅटोच्या पानांवर नागमोडी रेघा असतील तर संशयित तिथेच सापडला. मादी पानाला टोचून रस चाटते, ते ठिपके विखुरलेले असतात. अळी मोठी झाली की बहुतेकदा पानाबाहेर पडते आणि मातीत कोषात जाते. नुकसान पातीपुरतं, कांदा सहसा वाचतो.

दुसरी व्हिडिओतली, फायटोमायझा जिम्नोस्टोमा. युरोपातली ही माशी अमेरिकेत २०१५ साली पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडली. आकार साधारण ३ मिलिमीटर, अंग करडं, डोकं आणि गुडघे पिवळे. ही फक्त कांद्याच्या कुळावर जगते: लीक (कांद्यासारखीच जाड, चपट्या पातीची परदेशी भाजी), कांदा, लसूण. टोमॅटोकडे बघतही नाही. हिचे ठिपके पानाच्या लांबीने एका ओळीत पडतात, शिलाई मशीनची टीप मारल्यासारखे. ही ओळ मला सगळ्यांत भरवशाची खूण वाटते. अळी पोखरत बुडाकडे उतरते आणि गडद तपकिरी कोष पानांच्या बुडाशी किंवा कांद्यातच राहतात. लीकचे थर चपटे, एकमेकांवर घट्ट. कोष त्यांच्यात अडकले की मागून कूज येते. तिचं वेळापत्रकही थंड मुलखाचं आहे: वसंतात एक फेरी, शरदात दुसरी, मधला उन्हाळा कोषात.

माझ्या गच्चीवर ही दुसरी आजवर दिसलेली नाही. हौसेने लीक लावला असेल आणि ओळीतले ठिपके व बुडाशी तपकिरी कोष दोन्ही मिळाले, तर कोष बाटलीत घालून कृषी महाविद्यालयात दाखवा. रोप कंपोस्टमध्ये टाकू नका.

नागअळीला मात्र पोखरलेली पात खुडून टाकणं पुरतं. एकदा घाईने मी जहाल औषध मारलं. अळीला खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्यात गेल्या, आणि पुढच्या लावणीत रेघा दुप्पट झाल्या. आता हात आवरतो. फार झालं तर ५ टक्के निंबोळी अर्क.

काकूंनी काहीच मारलं नाही. ओरखड्यांची पात नळाखाली धुतली, चिरली, आणि संध्याकाळी झुणक्याची वाटी आमच्याकडे पोचली.