सकाळी मिस मारणारी गाडी आणि माझे ४३,२०० रुपये

गेल्या हिवाळ्यात माझी फसवणूक झाली. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते ज्या पद्धतीने गेले ती पद्धत कुणावरही चालू शकते. तुमची पेट्रोल गाडी थंडीत सकाळी मिस मारत असेल, म्हणजे अडखळत असेल, आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुतासारखी सरळ होत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी एवढं वाचा.

मी निफाड तालुक्यातला. आमच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाला की पेपरात बातमी येते आणि आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला निघतो. पहाटे पाचला बागेत पोचायला गाडी लागते. माझी २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. नोव्हेंबर संपता संपता तिने त्रास द्यायला सुरुवात केली. तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर चालू व्हायची, सगळी बॉडी थरथरायची, ॲक्सिलरेटर दाबला की पिकअप घेण्याऐवजी गचके खाऊन बंद पडायची. बागेपर्यंत पोचेस्तोवर मात्र इंजिन गरम व्हायचं आणि काही झालंच नव्हतं अशी चालायची. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही.

आमचे नेहमीचे मेकॅनिक चाचा तेव्हा घरच्या आजारपणामुळे गॅरेज बंद ठेवून गावी गेले होते. म्हणून मी नाशिकच्या एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये गेलो. काचेची केबिन, टॅबलेट घेऊन फिरणारी पोरं, चहा. माझं पहिलं चुकलं ते इथेच. निफाडहून नाशिक चाळीसेक किलोमीटर. मी तिथे पोचलो तेव्हा इंजिन पूर्ण गरम होतं, म्हणजे ज्या आजारासाठी गेलो तो आजार गाडीत दिसतच नव्हता. त्यांनीही तो पाहायचा आग्रह धरला नाही.

स्कॅनर लावला, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेली बिघाडाची खूण) आला नाही. मॅनेजर म्हणाला, "सर, कोड नाही म्हणजे सेन्सर सगळे ओके आहेत. प्लग आणि कॉइल वीक झाल्यात." (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग.) यातलं 'कोड नाही म्हणजे सेन्सर ओके' हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते खोटं आहे. सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर कोड येतो. सेन्सर चुकीचा पण शक्य वाटेल असा आकडा देत असेल तर इंजिनाचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा तो खरा मानून चालतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चार प्लग, चार कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग, मजुरी धरून ११,८०० रुपये दिले. संध्याकाळी गेलो तेव्हा गाडी दारात चालू करूनच ठेवली होती. "बघा सर, कशी स्मूद झाली!" झाली होतीच, गरम इंजिन आधीही स्मूदच चालायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीच थरथर.

परत गेलो तर म्हणाले, आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघावं लागेल. माझ्यासमोर एक प्लग काढला, गेज लावला, सेल्फ मारला. काटा ९५ पीएसआयवर थांबला. "व्हॉल्व्ह गळतायत सर. हेड उतरवावं लागेल. असंच चालवलं तर पूर्ण इंजिन काम निघेल." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात. स्वतःच्या डोळ्यांनी काटा पाहिल्यावर मी काय बोलणार? चार दिवस गाडी ठेवली. मध्येच व्हॉट्सॲपवर टेबलावर ठेवलेल्या हेडचा फोटो आला. बिल ३१,४०० रुपये: हेड ओव्हरहॉल, हेड गास्केट, व्हॉल्व्ह सील. जुने पार्ट मागितले तर "स्क्रॅपमध्ये गेले सर". आणि गाडी पुन्हा गरम, चालू, दारात उभी.

पहाटे आठ अंशांत ती पुन्हा बंद पडली तेव्हा खरंच रडू आलं. बागेची छाटणी, औषधं, मजुरी यांतून वाचवलेला पैसा होता तो.

जानेवारीत चाचा परतले. सगळं ऐकून म्हणाले, "भाऊ, आज संध्याकाळी गाडी इथे लाव आणि चावी देऊन जा. सकाळी सहाला ये, तोवर मी बोनेटला हात लावणार नाही." सकाळी त्यांनी इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवली, स्कॅनर जोडला आणि दोन आकडे मला दाखवले. आत येणाऱ्या हवेचं तापमान १० अंश. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ४७ अंश. "रात्रभर थंडीत उभी होती ना? मग पाणी ४७ वर कसं?"

रात्रभर बंद राहिलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखेच यायला हवेत. दोन-चार अंशांचा फरक चालतो, सदतीसचा नाही. पुढे त्यांनी जे समजावलं ते असं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं पोर्टच्या (सिलिंडरमध्ये हवा जाण्याच्या वाटेच्या) गार भिंतींना चिकटून राहतं. म्हणून कॉम्प्युटर सकाळी जास्त पेट्रोल सोडतो, आणि किती सोडायचं ते कूलंट सेन्सरला विचारून ठरवतो. माझा सेन्सर सांगत होता की इंजिन कोमट आहे. त्यामुळे पेट्रोल कमी पडायचं आणि गाडी मिस मारायची. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारून घेतो, पण तो स्वतः चांगला तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं वाईट आणि नंतर सगळं ठीक. आणखी एक खूण डोळ्यांसमोर असून मी कधी पाहिली नव्हती. थंड गाडी चालू केल्यावर आयडलिंग १,२०० ते १,५०० आरपीएमला चढून हळूहळू खाली यायला हवं. माझ्या गाडीचा काटा पहिल्या सेकंदापासून ८०० लाच असायचा.

चाचांनी सेन्सरचं सॉकेट काढून मल्टिमीटर लावला. या सेन्सरचा विद्युत रोध (ओहम) थंडीत वाढतो, उष्णतेत कमी होतो. एवढ्या गारठ्यात साडेतीन-चार हजार ओहमच्या आसपास यायला हवं होतं, आलं जेमतेम नऊशे. नवीन सेन्सर ६५० रुपयांना मिळाला. रात्री बसवला, सकाळी एका सेल्फमध्ये गाडी चालू, काटा १,४०० वर.

मग त्यांनी मला नाशिकचं काम दाखवलं. आदल्या वर्षी मिसिंग शोधताना चाचांनी कॉइलची अदलाबदल केली होती, तेव्हा प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने १ ते ४ आकडे घातले होते. ते आकडे तसेच होते, थोडे घासलेले. एकही कॉइल बदललेली नव्हती. प्लग तेवढे नवीन होते. हेड उतरवायचं तर कूलंट काढावंच लागतं, पण टाकीत तोच जुना, गढूळ कूलंट होता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजके नट जसेच्या तसे, पान्याची एक खूणही नाही. हेड उघडलंच नव्हतं.

आणि तो ९५ चा काटा? चाचांनी चारही प्लग काढले, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा धरला आणि सेल्फ मारला. चारही सिलिंडरमध्ये १७५ ते १८० पीएसआय. थ्रॉटल बंद ठेवून सेल्फ मारला तर आत हवाच पुरेशी जात नाही, मग चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. पुढे कुणी तुमच्यासमोर कॉम्प्रेशन तपासलं तर थ्रॉटल उघडा आहे का ते पाहा, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या, आणि एकाच सिलिंडरवर निकाल देऊ देऊ नका. हेड उतरवणार असतील तर उतरवताना स्वतः हजर राहा. हजर राहता येत नसेल तर गाडी तिथे ठेवू नका. जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू होण्याआधी जॉबकार्डवरच लिहून घ्या. आणि थंडीतल्या तक्रारीसाठी गाडी आदल्या रात्री गॅरेजात उभी करायला जो तयार नाही, त्याच्याकडे काम देऊच नका.

मी फोटो घेऊन नाशिकला गेलो. मॅनेजर म्हणाला, तो टेक्निशियन नोकरी सोडून गेला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटिशीनंतर कॉइलचे ८,४०० रुपये परत आले. हेडच्या पैशांवर मात्र ते अजून अडून आहेत, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिलं, व्हॉट्सॲपवरचा तो हेडचा फोटो आणि चाचांचं लेखी म्हणणं जोडलंय. त्या चार कॉइल अजून माझ्या गाडीतच आहेत. त्यांच्यावरचे आकडे पुसू नका, असं मी सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून सांगतो.