कॅमेरा बंद, तरी चेहऱ्याला १०० पैकी ४१ गुण

मुलाखतीच्या तयारीच्या नावाखाली पैसे उकळणारे खूप आहेत. त्यातला एक प्रकार फार साळसूद आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. इथे खोटं नियुक्तिपत्र नसतं, नोकरीची हमीही नसते. आधी फुकट सराव मुलाखत घेतात, मग गुण देतात आणि ते गुण बघून माणूस घाबरतो. पुढचं सगळं त्या घाबरण्यावर चालतं.

मी एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीत अर्ज केला होता, धाकट्या बहिणीने नर्सच्या जागेसाठी. दोघांनीही एकाच ठिकाणी ही फुकट मुलाखत दिली. नंतर रंगीत पीडीएफ आली. वर भलंमोठं वर्तुळ, बोलताना समोरच्याला जे कळतं त्यात कशाचा किती वाटा ते दाखवणारं: शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. खाली सॉफ्टवेअरने चेहरा वाचून काढलेला ‘आत्मविश्वास गुणांक’. माझा ४१. पाठोपाठ फोन, अतिशय अदबीने. “सर, तुमचं ज्ञान उत्तम आहे हो, पण चेहरा साथ देत नाही. एवढ्या गुणांवर कंपनीचं मशीन तुम्हाला पहिल्याच फेरीत बाजूला काढेल.” उपाय अर्थातच त्यांच्याकडे होता: तुमच्याच क्षेत्रातला तज्ज्ञ, कंपन्यांच्या ‘आतून मिळालेली’ प्रश्नपेढी आणि गुण ७५च्या वर जाईपर्यंत सराव. दोघांनी पैसे भरले.

ते वर्तुळ तुम्हालाही कुठे ना कुठे दिसेल, म्हणून सांगतो. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतले आहेत. त्यात सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, हे लोकांना ओळखायला सांगितलं होतं. मुलाखतीशी त्याचा काही संबंध नाही, आणि भावना किंवा आवडनिवड व्यक्त करण्यापलीकडे हे आकडे लावू नयेत, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. (नाहीतर परकी भाषा शिकायची गरजच काय? ९३ टक्के तसंही कळलंच असतं.) चेहरा वाचणाऱ्या मशीनचं म्हणाल, तर व्हिडिओ मुलाखतींमधली मोठी कंपनी हायरव्ह्यू हिने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्येच जाहीर केलं.

आमचे दोघांचे ‘क्षेत्रातले तज्ज्ञ’ एकच निघाले. शिकवणीही एकच: तुमची ताकद सांगा, उणीव सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल, आणि प्रत्येक उत्तर परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या साच्यात बसवा. साचा वाईट नाही. ‘असा प्रसंग सांगा’ म्हटलं की तो उपयोगी पडतो. पण सल्लागार कंपनीत केस देतात: धंद्याचा नफा का घटला, शोधा. तिथे आधी उलट प्रश्न विचारायचे असतात, तोंडाने विचार करत जायचं असतं, कॅल्क्युलेटरशिवाय टक्केवारी काढायची असते. त्यातलं काहीच झालं नाही. प्रश्नपेढीतल्या केस मात्र ओळखीच्या वाटल्या. मोठ्या सल्लागार कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर सरावासाठी फुकट ठेवतात, त्याच होत्या. कंपनीचं नाव खोडलेलं, आकडे जसेच्या तसे.

बहिणीचं नुकसान जास्त झालं. नर्सच्या मुलाखतीत विचारतात की सहकाऱ्याने चुकीचं औषध दिलेलं लक्षात आलं तर आधी काय कराल, कोणाला कळवाल, नोंद कशी कराल. बऱ्याच ठिकाणी औषधाच्या मात्रेचं गणितही घालतात. ही पोरगी ते सगळं बाजूला ठेवून आरशासमोर बसायची आणि डोळे हलू न देण्याचा सराव करायची. कारण अहवालात लिहिलं होतं, ‘नजर वारंवार डावीकडे वळते’.

ते वाक्य मी माझ्याही अहवालात वाचलं होतं. दोन्ही पीडीएफ शेजारी शेजारी उघडल्या. तीच नजर, तीच डावी बाजू, तेच ४१. बहिणीच्या अहवालात तर ‘उमेदवार दुसऱ्या प्रश्नाला गोंधळला’ असं होतं, म्हणजे नाव बदलताना क्रियापद बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी तिचा कॅमेरा चाललाच नव्हता. मुलाखत नुसत्या आवाजावर झाली होती.

विचारलं तर उत्तर आलं, “आमचं सॉफ्टवेअर आवाजावरून चेहऱ्याचा अंदाज बांधतं.” इतक्या निगरगट्टपणाची मला गंमतच वाटली. पैसे परत मागितल्यावर ‘सेवा पुरवली गेली आहे’ एवढा एकच निरोप आला, आणि त्यानंतर दोघांचेही नंबर ब्लॉक.

पैसे भरायच्या आधी अशा लोकांना दोन गोष्टी विचारा. सराव घेणारा माणूस त्या क्षेत्रात कुठे, काय काम करत होता? आणि मला ज्या प्रकारची मुलाखत द्यायची आहे, त्याच प्रकारचा सराव फुकटच्या फेरीत घ्याल का? पॅनेल असेल तर तिघे समोर बसवा, रेकॉर्ड करून पाठवायची असेल तर पडद्यावर प्रश्न आणि घड्याळ लावा, शिक्षकाची असेल तर पाठ घ्यायला लावा. आम्हा दोघांनाही एकाच प्रकारची फेरी दिली होती, तिथेच सगळं उघड होतं.

पैसे आधीच गेले असतील तर अहवाल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि संभाषण नंबर ब्लॉक व्हायच्या आत जपून ठेवा. मी कार्डाने भरले होते, म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता आला. त्याला मुदत असते, तेव्हा थांबू नका. दोन सारखे अहवाल जोडले, पैसे परत आले. बहिणीला त्यांनी ‘सवलत मिळेल’ म्हणून एका व्यक्तीच्या खात्यावर थेट पैसे पाठवायला लावले होते. तिची तक्रार अजून पोलिसांकडे पडून आहे.