ओटीची खारीक: ‘दुबई माल’ की ओमानची?

चिपळूण-रत्नागिरीच्या किराणा घाऊकवाल्यांना लगीनसराईआधी हा पेच पडतोच.

मूळ: दुबई माल म्हणून मिळणारी खारीक अनेकदा मूळची पाकिस्तानची असते. पुलवामानंतर, फेब्रुवारी 2019 मध्ये, पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लागलं आणि ते चुकवायला दुबईची आडवाट रुळली. ओमानच्या ‘मबसली’ खारका उकळून वाळवलेल्या असतात. भारतात त्यांची आवक जुनीच.

जोखीम: खरी गोम इथे आहे. 2 मे 2025 पासून पाकिस्तानात पिकलेला माल तिसऱ्या देशातून आणायलाही बंदी आहे. दुबईच्या जबल अली बंदरात कंटेनर बदलला म्हणून खजुराचं मूळ बदलत नाही. जून 2025 मध्ये महसूल गुप्तचरांनी न्हावा शेवाला 39 कंटेनर धरले, सुमारे 1,115 टन माल. त्यात खारीकही होती. (स्वस्ताई अशी महागात पडते.)

कागद: दोन्हीकडे मूळ देशाचा दाखला लागतो, पण दुबईच्या मालात कंटेनर आधी कुठून निघाला तेही विचारा. पुरवठादार टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा.

स्वतः आयात करणाऱ्याने ओमानचाच माल घ्यावा. चार-पाच पोतीच हवी असतील तर वाशीच्या बाजारातून पक्क्या बिलावर उचला.